आठवणींचे गावठाण : मराठवाड्यातील स्थळे, नावे आणि तारखा

दौलताबादच्या किल्ल्यात महाकोट नावाच्या तटबंदीच्या आत एक विस्तीर्ण चौकोनी वास्तू आहे. तिला आज भारतमाता मंदिर म्हणतात. मूळची ती जामा मशीद. कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात, १३१८ साली ती उभी राहिली आणि तिच्यासाठी आधीच्या देवळांचे खांब वापरले गेले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर तेथे भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली. यादवांचा अस्त, खिलजींचा अंमल आणि संस्थानाचा शेवट या तिन्हींची खूण त्या एका आवारात आहे, आणि प्रत्येक नव्या सत्तेने आधीच्यांनी बांधलेल्याचाच आपल्या कामासाठी उपयोग करून घेतला आहे.

याच किल्ल्याची आणखी एक आठवण आहे. तिला मात्र ना मूर्ती आहे ना मिनार. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळच्या वाटेवर दौलताबादला थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेले हातपाय धुण्यासाठी त्यांच्यापैकी काहींनी दाराजवळच्या टाक्यातील पाणी घेतले, तेव्हा ‘ढेडांनी टाके बाटवले’ अशी ओरड झाली आणि जमाव जमला. अखेर किल्ला पाहू देण्यात आला, तोही आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि एका सशस्त्र शिपायाच्या पहाऱ्यात. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला म्हणून तो उरला. किल्ला पाहून उतरणाऱ्यांच्या बोलण्यात यादव असतात, तुघलकाने हलवलेली राजधानी असते. टाक्याची गोष्ट फार थोड्यांच्या तोंडी येते.

समाजाची आठवण ही व्यक्तीच्या आठवणींची बेरीज नसते, ती समूहाने आखलेल्या चौकटीत राहते आणि त्या चौकटीला जागेचा आधार लागतो, असे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले. मराठवाड्याकडे या नजरेने पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. येथील अर्वाचीन सामूहिक स्मृती पुतळ्यांपेक्षा आणि स्तंभांपेक्षा शाळा-महाविद्यालयांच्या नावांत अधिक साठलेली आहे. त्यामागे इतिहासाचे कारण आहे.

निजामाच्या राज्यात मराठी ही पाच जिल्ह्यांतील रयतेची भाषा होती. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. अशा स्थितीत औरंगाबादची सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय अशा मोजक्या खासगी संस्था मराठीतून शिकवत राहिल्या, आणि पुढे संस्थानविरोधी लढ्याची माणसे याच वर्गांतून निघाली. त्या लढ्याचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिक्षकच होते. १९३८ साली विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी घातली गेली तेव्हा विद्यार्थ्यांनी शिक्षणावर पाणी सोडले. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला. शाळा हेच लढ्याचे पहिले रणक्षेत्र असल्यामुळे विजयानंतर स्मारके उभारण्याची वेळ आली तेव्हा लोकांच्या मनात प्रथम शाळा आल्या, यात नवल नाही. बिलोलीजवळ अर्जापूर येथे १९४६ साली मारले गेलेले गोविंदराव पानसरे आज त्याच गावातील महाविद्यालयाच्या नावात आहेत. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांशी लढताना पडलेले बहिर्जी शिंदे वसमतच्या महाविद्यालयाच्या नावात आहेत. तेथे प्रवेश घेणाऱ्या मुलाला हुतात्म्याचे चरित्र ठाऊक असेलच असे नाही, पण गुणपत्रिकेवर ते नाव तो आयुष्यभर बाळगतो.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. सरकारी कागदोपत्री ही पोलीस कारवाई होती, आणि मराठवाड्याच्या बोलीत आजही ‘पोलीस ॲक्शन’ हाच शब्द रूढ आहे. मराठवाड्यात १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन म्हणून ध्वजारोहण होते; छत्रपती संभाजीनगरात त्याचा मुख्य सोहळा सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी होतो. त्या दिवशीच्या भाषणांत कासीम रझवी आणि त्याच्या रझाकारांचे अत्याचार येतात, स्वातंत्र्यसैनिकांनी सरहद्दीपलीकडे उभारलेले कॅम्प येतात, त्यांनीच ३० जानेवारी १९४८ रोजी लुटलेली उमरीची बँक येते. हे सारे घडले होते आणि ते आठवले जाणे योग्यच आहे.

परंतु या तारखेच्या लगेच पुढे जे घडले त्याला आमच्याकडे स्तंभही नाही आणि तारीखही नाही. पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत संस्थानातील मुसलमान वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठवलेल्या पथकाने १९४८ च्या अखेरीस गावोगाव फिरून मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड या दोघांची नावे घेतली. तो अहवाल कित्येक दशके बाहेर आला नाही. ज्या घरांनी हे सोसले तेथे ती आठवण दाराआड सांगितली गेली. गावाच्या चावडीवर ती आली नाही. रझाकारांनी जाळलेले घर आणि त्यानंतर जळालेले घर अनेकदा एकाच गल्लीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे यातील मौन किती जवळच्या माणसांमधले होते ते कळते.

एकाच नावात दोन आठवणी मावतात की नाही, हा प्रश्न मराठवाड्यात सर्वांत तीव्रतेने विद्यापीठाच्या बाबतीत विचारला गेला. मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन २३ ऑगस्ट १९५८ रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झाले. त्याच्या आठ वर्षे आधी, १९५० मध्ये, बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले होते. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले आणि त्याचा नागसेनवनाचा परिसर दलित मुलांच्या दोन-तीन पिढ्यांचे शैक्षणिक माहेर ठरला. तेव्हा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे ही मागणी बाहेरून आणून लादलेली नव्हती; ज्या भूमीवर ते विद्यापीठ होते, तेथील शिक्षणाच्या इतिहासातूनच ती उगवली होती.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जाळली गेली, विहिरी नासवल्या गेल्या, माणसे मारली गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या या काळातली. विरोध करणाऱ्यांत जातीचा विखार उघड दाखवणारे होते, तसेच गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे मुक्तिसंग्रामाचे ज्येष्ठ नेतेही होते. ‘मराठवाडा’ या शब्दासाठी आपण निजामाशी लढलो, तो शब्द विद्यापीठावरून पुसला जाता कामा नये, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. या युक्तिवादाला स्मृतीचा आधार होता हे नाकारता येणार नाही. मात्र मुक्तीची आठवण सांगणाऱ्यांना, ज्यांची मुक्ती १७ सप्टेंबरने पूर्ण झाली नव्हती त्यांची आठवण परकी वाटावी, हा त्या लढ्याच्या वारशातला मोठा उणेपणा होता, असे माझे मत आहे.

पुढची सोळा वर्षे मोर्चे, नागपूरहून निघालेला लाँग मार्च, तुरुंगवास आणि १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी केलेले आत्मदहन यांत गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी तोडगा निघाला तो असा, की जुना शब्द काढायचा नाही, त्याच्या आधी नवा जोडायचा : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. सरकारी भाषेत हा ‘नामविस्तार’ होता. आंदोलनात राहिलेली माणसे अजूनही ‘नामांतर’च म्हणतात, कोणता शब्द कोण वापरतो यावरून बोलणाऱ्याची बाजू ओळखू येते. त्याच वर्षी विद्यापीठाचे विभाजन होऊन नांदेडला नवे विद्यापीठ निघाले. त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव दिले गेले आणि स्थापनेसाठी १७ सप्टेंबर हा दिवस ठरला. वर्ष एक, विद्यापीठे दोन, आणि दोन्ही स्मृतींना आपापली पाटी मिळाली.

दर १४ जानेवारीला, बहुधा संक्रांतीच्याच दिवशी, विद्यापीठ गेटसमोर लोटणारा जनसमुदाय मुख्यतः विद्यार्थ्यांचा नसतो. खेड्यापाड्यांतून म्हाताऱ्या बाया येतात, कमानीसमोर मेणबत्ती लावतात, माथा टेकवतात. भोवती पुस्तकांची आणि तसबिरींची दुकाने लागतात. एरवी दुचाक्या ज्या कमानीखालून जातात, तिला त्या दिवशी तीर्थाचे रूप येते. शिल्पकाराने ते तिला दिलेले नाही; त्या नावासाठी ज्यांची माणसे खर्ची पडली त्यांनी दिले आहे.

येण्याजाण्याने नाव कसे टिकते याचे निराळे, शांत उदाहरण त्याच शहरात आहे. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर अशी शहराची नावे राज्यकर्त्यांगणिक बदलली, पण मुघलांच्या चाकरीतील बिकानेरच्या राजा करणसिंहाच्या छावणीवरून पडलेले ‘कर्णपुरा’ हे नाव कोणी बदलले नाही. नवरात्रात तेथे देवीची यात्रा भरते आणि सारे शहर पहाटे कर्णपुऱ्याला जाते. जाणाऱ्यांपैकी करणसिंह क्वचितच कोणाला माहीत असतो.

किल्लारीचे उलटे झाले. तेथे माणसांची आठवण ताजी होती आणि जागा हरवली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, ६.२ क्षमतेच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे होती. उन्हाळ्यात गार राहणारे हे माळवद पिढ्यान्‌पिढ्या मातीचे थर चढून जड होत गेलेले असे, आणि तेच अंगावर आले. पूर्णपणे उद्ध्वस्त झालेली ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवण्यात आली. नवी घरे जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट अशा तीन आकारांची होती आणि सरळ आखलेल्या रुंद रस्त्यांवर ओळीने मांडलेली होती.

ती घरे मजबूत होती. मात्र जुन्या गावात वाडा, त्याला लागून गल्ली, गल्लीच्या तोंडाशी पार, पुढे वेस, अशी रचना होती आणि तिच्यातूनच कोण कोणाचे, कोणाचा मान पहिला, कोणाला कोठवर येऊ द्यायचे हे ठरत असे. त्या रचनेत आपुलकीही होती आणि अस्पृश्यताही होती. चौकोनी आखणीने दोन्हींना एकदमच धक्का दिला. म्हणून जुन्या गावाबद्दलची हुरहुर सगळ्यांच्या तोंडी सारखी ऐकू येत नाही, हे लिहिणाऱ्याने विसरू नये. किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी दर ३० सप्टेंबरला मृतांना मानवंदना दिली जाते. त्याखेरीज माणसे जुन्या गावठाणात जातात ती देवासाठी. जुन्या किल्लारीतील नीलकंठेश्वर ही अशी जागा आहे. घरे हलली तरी देव जागचा हलला नाही.

याहून साधी, पाटी नसलेली खूणही मराठवाड्यात जागोजागी आढळते. १९७२ च्या दुष्काळात हजारो बायाबापड्यांनी खडी फोडली, बांध घातले, पाझर तलाव खोदले, आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीवर मुले जगवली. त्या तलावांवर कोणाचे नाव कोरलेले नाही. तरीही शिवारातून जाताना म्हातारा माणूस हात करून सांगतो, ‘ह्यो बहात्तरचा तलाव.’ घरात वयाचा हिशेब निघाला की आजी आपला जन्म रझाकारीत सांगते, आई बहात्तरच्या दुष्काळात आणि थोरला मुलगा भूकंपाच्या साली.