बोट पकडली हो, पण केस टिकणार का?

ऑगस्ट 2003. ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या हर्ड बेटाजवळ, पार दक्षिणेकडच्या बर्फाळ समुद्रात, वियार्सा-1 नावाची उरुग्वेचा झेंडा लावलेली बोट गस्तीवाल्यांच्या नजरेस पडली, ती पळाली, हे मागे लागले, आणि हा पाठलाग तब्बल 21 दिवस चालला, जवळपास 3,900 सागरी मैल. शेवटी दक्षिण आफ्रिका आणि ब्रिटनच्या बाजूनेही बोटी मदतीला आल्या तेव्हा कुठे ती दक्षिण अटलांटिकमध्ये हाती लागली. पोटात टूथफिश नावाच्या महागड्या माशाचा साठा. आता काय सुटतात, असंच कुणालाही वाटेल ना? 2005 मध्ये कोर्टाने खलाशांना निर्दोष सोडलं! त्या हद्दीत मासे पकडताना त्यांना प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नव्हतं, पुरावा होता तो सगळा परिस्थितीजन्य.

सॅटेलाइट आले, ड्रोन आले, एआय आलं, आता चोरटी मासेमारी संपलीच म्हणायची, असले मथळे वाचले की मला ही केस आठवते. स्क्रीनवर चोर दिसणं वेगळं आणि तो चोर आहे हे सिद्ध करणं वेगळं, आणि हे दुसरं काम शेवटी एका माणसालाच करावं लागतं. मत्स्य अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंगचा बराचसा भाग त्यासाठीच असतो.

चोरी केवढी? 2009 च्या एका अभ्यासात जगभरात वर्षाला 1.1 ते 2.6 कोटी टन मासे, किंमत 10 ते 23.5 अब्ज डॉलर, असा अंदाज होता. आकडा जुना झालाय पण अजून सगळे तोच सांगतात. यात बिनलायसन्सवाले आहेत तसे लायसन्स खिशात ठेवून वजन कमी दाखवणारेही आहेत, आणि हे दुसरे पकडणं जास्त अवघड.

सुरुवात स्क्रीनपासून होते. मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र असतं, ते जहाजाची ओळख, जागा, वेग रेडिओवरून सतत सांगत राहतं. त्यावरून स्क्रीनवर जहाजाच्या वाटेच्या रेषा उमटतात, अधिकाऱ्याला त्या वाचायला शिकवतात. जाळं ओढणारा ट्रॉलर साधारण 3 ते 5 नॉट (म्हणजे ताशी सागरी मैल) वेगाने रेंगाळतो, परत परत त्याच पट्ट्यात वळतो. दोन जहाजं भर समुद्रात 500 मीटरच्या आत, दोन तास, जवळजवळ थांबल्यासारखी दिसली तर माल इकडून तिकडे जातोय का हे बघायचं. पण यंत्र बंद करता येतं, खोटी जागाही दाखवता येते. 2024 मध्ये नेचर या विज्ञानाच्या मासिकात आलेल्या अभ्यासानुसार मोठ्या व्यावसायिक मासेमारी जहाजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जहाजं अशा सार्वजनिक ट्रॅकिंगमध्ये दिसतच नाहीत. मग सेंटिनेल-1 सारखे रडार सॅटेलाइट कामाला येतात, त्यांना रात्र आणि ढग आड येत नाहीत. एकदा तर शास्त्रज्ञांनी 169 अल्बॅट्रॉस पक्ष्यांच्या पाठीवर जहाजाचं रडार ओळखणारी छोटी यंत्रं बसवली, कारण हे पक्षी खाण्याच्या आशेने आपणहून बोटींमागे जातातच, आणि कळलं की त्यांना भेटलेल्या जहाजांपैकी 28 टक्के जहाजांचा एआयएस सिग्नलच नव्हता. (यांना ना पगार द्यावा लागतो ना ट्रेनिंग.)

तरीही सिग्नल गायब म्हणजे गुन्हा, असं होत नाही. गर्दीच्या समुद्रात सिग्नल एकमेकांत अडकतात, काही ठिकाणी चाच्यांच्या भीतीनेही कप्तान यंत्र बंद करतात. म्हणून बोटीवर चढावंच लागतं.

चढल्यावर आधी ओळख पटवायची. नाव रंग मारून बदलतं, झेंडा बदलतो, पण आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, त्या सांगाड्याला आयुष्यभर चिकटलेला असतो. सात आकडे, आणि त्यात एक गंमत आहे. 9074729 घ्या. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणायचं: 63, 0, 35, 16, 21, 4. बेरीज 139. शेवटचा आकडा 9, आणि नंबरचा सातवा आकडाही 9. जुळला. मनाला येईल तो नंबर रंगवलेला असेल तर बहुतेक वेळा इथेच सापडतो, कागद-पेन असलं की झालं, इंटरनेटही नको.

मग जाळं. आस, म्हणजे जाळ्याचं एक भोक, बारीक असली की पिल्लंही अडकतात म्हणून आसेचा किमान आकार ठरलेला असतो. पण एक आस मोजून भागत नाही. युरोपियन युनियनची पद्धत बघा, जाळं ओलं पाहिजे, गोठलेलं नको, सलग 20 आसा मोजून सरासरी काढायची, दोराच्या किंवा शिवणीच्या अर्ध्या मीटरच्या आतली घ्यायची नाही, फाटलेली किंवा दुरुस्त केलेली घ्यायची नाही. किचकट वाटतं खरं, पण समोरचा वकील हेच प्रश्न विचारणार असतो, आणि एक पायरी चुकली की अख्खा पंचनामा पाण्यात.

त्यानंतर गोदाम, म्हणजे बोटीच्या पोटातला थंड कप्पा. इथे खरा हिशेब. लांबी रुंदी उंची मोजून माल किती मावतो ते काढायचं, पेट्या मोजायच्या, काही वजन करून बघायच्या, आणि लॉगबुकशी, म्हणजे कप्तानाच्या नोंदवहीशी, ताडायचं. मासा डोकं-आतडी काढून ठेवलेला असेल तर मूळ वजनासाठी गुणक लावतात. समजा गुणक 1.7 आहे, तर 10 टन साफ केलेला माल म्हणजे समुद्रातून काढलेला 17 टन मासा, आणि कप्तानाने लॉगबुकात 10 च लिहिलेत तर 7 टन हवेत गेले. तुकडे करून ठेवलेला मासा कुठला ते डोळ्यांनी कळत नाही, तेव्हा नमुना डीएनए तपासणीला जातो, सीओआय नावाच्या जीनचा साधारण 650 अक्षरांचा तुकडा वाचून जात ओळखतात. पण ती पिशवी कुणी सील केली, कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली, याची साखळी तुटली तर लॅबचा रिपोर्ट असून नसल्यासारखा.

हे सगळं हलत्या बोटीवर करण्यापेक्षा बंदरात करणं स्वस्त आणि सुरक्षित. जहाज बांधलेलं असतं, उजेड असतो, वजनकाटा असतो. 2009 मध्ये मंजूर होऊन 5 जून 2016 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय बंदर कराराचा जोर इथेच आहे. परक्या मासेमारी जहाजाने आधी कळवायचं, संशय पक्का असेल तर प्रवेशच नाकारायचा. याच करारात निरीक्षकांना काय शिकवावं याचं एक आख्खं परिशिष्ट आहे, त्यात पुरावा जपणं, गोदामाचं माप, गुणक, माशाच्या जाती ओळखणं सगळं आहे, आणि यादीत पहिला विषय नीतिमत्ता. बरोबरच आहे, लाखोंचा माल आणि समोर तुटपुंज्या पगाराचा एकटा निरीक्षक, कप्तान पाकीट पुढे करणारच. म्हणून माझ्या मते दोघांनी मिळून तपासणी करणं आणि फोटो जागेवरच वरच्या ऑफिसला पाठवणं हे महागड्या ड्रोनपेक्षा आधी व्हायला हवं.

अडचण एवढीच की बोटवाल्यांनाही कुठल्या बंदरात काटेकोर तपासणी होते ते पक्कं ठाऊक असतं. एका ठिकाणचे अधिकारी शिकून तयार झाले की जहाज शेजारच्या ढिल्या बंदराकडे तोंड वळवतं, त्यामुळे प्रवेश नाकारला की ते जहाजाच्या झेंड्याच्या देशाला कळवायचं, आणि गरजेप्रमाणे आसपासच्या देशांनाही, असं करारात लिहिलंय, आणि ते पत्र जहाज पुढच्या धक्क्याला लागायच्या आत पोचलं तरच त्याचा उपयोग.