वेलस्लीचा खासगी पत्रव्यवहार (१८०३)

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या तोंडावर दख्खनमधील इंग्रज फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) याने सहकाऱ्यांना लिहिलेली पत्रे. त्यांतली बरीचशी पुण्याचा रेसिडेंट (दरबारातला इंग्रज प्रतिनिधी) बॅरी क्लोज, मित्र जॉन माल्कम, हैदराबादच्या तैनाती फौजेचा कर्नल स्टीव्हन्सन, शिंद्यांच्या छावणीतला इंग्रज वकील कर्नल कॉलिन्स आणि मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन यांना आहेत. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली हा त्याचा थोरला भाऊ होता. त्यामुळे कलकत्त्याचे धोरण त्याला घरच्या माणसासारखे ठाऊक असे.

ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव कोकणात पळाला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांचे संरक्षण पत्करणारा वसईचा तह केला. त्याला गादीवर परत बसवण्यासाठी वेलस्ली म्हैसूरकडून निघाला, २० एप्रिल १८०३ रोजी पुण्यात पोचला. १३ मेला बाजीराव शहरात आला. पुढचे तीन महिने युद्ध होणार की टळणार याचा घोळ चालू होता, आणि पत्रांचा खरा रस याच तीन महिन्यांत आहे.

शौर्याची भाषा शोधायला गेलेला वाचक मात्र निराश होतो. पानोपानी बैल आहेत: म्हैसूरचे चांगले बैल किती उरले, हाकणारे कसे आहेत, चारा कुठे मिळेल. त्याखालोखाल तांदूळ, दारू आणि नद्या. १८०० साली धोंडिया वाघ या बंडखोराचा पाठलाग करताना त्याने एक गोष्ट हेरली होती. पावसाळ्यात नद्या भरल्या की मराठ्यांच्या हलक्या घोडदळाची चपळाई संपते. ज्याच्याजवळ नावा आहेत त्यालाच नदी ओलांडता येते. म्हणून बांबूच्या टोपल्यांवर कातडे चढवून नावा कशा करायच्या, हे तो बारकाईने लिहून कळवतो. मुंबईहून पूल बांधायच्या नावाही मागवल्या होत्या, पण पावसात त्यांच्या गाड्यांनी दगा दिला.

बाजीरावाबद्दल खासगी पत्रांत तो हातचे राखत नाही. तहाप्रमाणे पेशव्याने सहा हजार पायदळ आणि दहा हजार घोडदळ द्यायचे होते. प्रत्यक्षात त्यातले थोडेच उभे राहिले. ज्याच्या नावाने लढाई करायची त्याच्याच शब्दावर विसंबता येत नाही, ही तक्रार क्लोजकडे आणि माल्कमकडे वारंवार येते. उलट पेशव्यांचा सरदार बापू गोखले बरोबर आला, आणि बाजीरावाचा दत्तक भाऊ अमृतराव याला सात लाखांच्या सालिना नेमणुकीवर वळवून घेण्याची खटपटही याच काळातली.

२८ मेला दौलतराव शिंद्यांनी कॉलिन्सला सांगितले होते की नागपूरच्या भोसल्यांची भेट झाल्यावर तह की लढाई ते कळेल. भेट झाली, तरी उत्तर लांबतच गेले. जुलैत वेलस्लीच्या हाती युद्ध आणि तह या दोन्हींचे पूर्ण अधिकार आले. दोन्ही सरदारांनी फौजा मागे न्याव्यात, मग मीही नेतो, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर इंग्रज फौज श्रीरंगपट्टण, मद्रास आणि मुंबईला पोचेल त्याच दिवशी आम्ही बऱ्हाणपूरला पोचू, असा प्रतिप्रस्ताव आला. अंतरांचा हिशेब पाहता यात थट्टाही होती.

३ ऑगस्टला कॉलिन्सने शिंद्यांची छावणी सोडली. ६ तारखेला, नगरजवळच्या वाळकीच्या तळावरून, वेलस्लीने दौलतरावांना लिहिले की मी बरोबरीच्या नात्याने तह देऊ केला होता, तुम्ही युद्ध निवडले, परिणामांची जबाबदारी तुमची. वाक्य देखणे आहे. पण वसईच्या तहाने शिंदे-भोसल्यांपुढे काय उरले होते, हे त्यात कुठेच नाही. पाऊस उघडताच ८ ऑगस्टला त्याने नगरची पेठ घेतली, १२ ला किल्ला हाती आला. गोखल्यांनी यावर पुण्याला लिहिलेले पत्र इंग्रजीत टिकले आहे: हे लोक सकाळी आले, तटावर चढले, शिबंदी मारली आणि न्याहारीला परतले.

ही पत्रे वेलिंग्टनचा चिटणीस जॉन गुरवुडने १८३४ पासून छापली. त्यात कित्येक नावे गाळून रेघा ओढल्या होत्या, कारण त्यांपैकी काही माणसे हयात होती. पुढे त्याचा मुलगा, दुसरा ड्यूक, याने पुरवणी खंड काढले. मूळ कागद १९८३ पासून साउथॅम्प्टन विद्यापीठात आहेत. क्लोजच्या बाजूचा पत्रव्यवहार गो. स. सरदेसाई आणि जदुनाथ सरकार यांच्या पुढाकाराने निघालेल्या पूना रेसिडेन्सी पत्रमालेत सापडतो.