घरगुती सुतारशाळेतील भुसासंकलन

लाकूड कापताना, रंधताना आणि घासताना निघणारा भुसा व धूळ हवेत पसरण्याआधीच खेचून घेऊन बंदिस्त जागी साठवण्याच्या व्यवस्थेला भुसासंकलन म्हणतात. हत्यार लाकडाला भिडते तिथे बसवलेले तोंड, तिथून निघणारा पाइप, जड भुसा वेगळा पाडणारा सायक्लोन, हवा खेचणारा पंखा आणि बारीक धूळ अडवणारा फिल्टर हे तिचे पाच भाग. लाकडाच्या कारखान्यांत अशी व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. मुंबईतले हौशी सुतारकाम मात्र बंद केलेल्या गॅलरीत, पोटमाळ्यावर, हॉलच्या कोपऱ्यात, फार तर बिल्डिंगखालच्या एखाद्या गाळ्यात चालते. कामाची जागा आणि झोपायची खोली यांच्यामध्ये एक दार, कधी नुसता पडदा असतो. सुताराने उडवलेली धूळ घरातली लहान मुलेही हुंगतात, म्हणून इथे ही व्यवस्था चैनीची मानणे चूक आहे.

धुळीचे स्वरूप

जो भुसा डोळ्यांना दिसतो, पायाखाली येतो, झाडून सुपलीत भरता येतो, तो फारसा अपाय करत नाही. घात करते ती न दिसणारी धूळ. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण नाक आणि घसा ओलांडून पुढे सरकतात, आणि २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. एक मायक्रॉनचा कण अगदी स्थिर हवेतही एक मीटर खाली यायला सुमारे आठ तास घेतो, आणि मुंबईच्या घरात स्थिर हवा कुठली? डोक्यावर पंखा असतोच. दुपारी काम आटोपून, जमीन पुसून, हातपाय धुऊन माणूस चहा घेत बसतो. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीच्या ग्रिलमधून उन्हाची तिरीप आत येते आणि त्या पट्ट्यात कण अजून गिरक्या घेत असतात. रात्री दिवे मालवून टॉर्चचा झोत आडवा धरला तरी तेच दिसते. घरची व्यवस्था पुरेशी आहे की नाही, हे पाहायला याहून सोपी चाचणी नाही.

कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. त्याची पार्श्वभूमी जुनी आहे. इंग्लंडमधले हाय वायकम हे गाव खुर्च्या आणि फर्निचरसाठी प्रसिद्ध होते. १९६०च्या दशकात तिथल्या कारागिरांमध्ये नाकाच्या पोकळीतला एरवी फार क्वचित आढळणारा कर्करोग वारंवार दिसू लागला आणि डॉक्टरांनी त्याचा माग लाकडाच्या धुळीपर्यंत काढला. हा धोका प्रामुख्याने वर्षानुवर्षे रोज धुळीत काम करणाऱ्यांना असतो. हौशी माणसाला आधी गाठतात ते सर्दी, शिंका, खोकला, दमा आणि त्वचेची आग. सागवान आणि शिसम यांच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळ उठते. युरोपीय संघाने कामाच्या जागी कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा घनमीटर हवेमागे दोन मिलिग्रॅम ठेवली आहे. सँडर (लाकूड घासायचे विजेचे हत्यार) दहा मिनिटे मोकळा चालवला तर छोट्या खोलीत ती सहज ओलांडली जाते.

प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू डिंकाने दाबून केलेली फळी) यांची गोष्ट वेगळी. मुंबईतली बहुतेक घरगुती कपाटे याच मालाची. त्यांच्या धुळीत लाकडाबरोबर डिंकही असतो. युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या डिंकातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडलाही त्याच संस्थेने २००४ साली पहिल्या गटात टाकले. एमडीएफच्या कडेवर राउटर (वेगाने फिरणाऱ्या पात्याने कडेला आकार देणारे हत्यार) फिरवला की पिठासारखी पिवळट भुकटी उडते आणि पापण्यांवर बसते. घरात एकाच कामासाठी धूळ खेचण्याची सोय करायची असेल, तर ती याच कामासाठी करावी.

उगमापाशी पकडणे

एकदा धूळ हवेत गेली की ती परत गोळा करणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून सगळ्या व्यवस्थेत तोंड महत्त्वाचे. कितीही दमदार यंत्र आणले तरी खेचणाऱ्या तोंडापासून पाइपच्या व्यासाइतक्या अंतरावर खेच दहा टक्क्यांच्या आसपास उरते. व्हॅक्यूमची नळी टेबलावर नुसती आणून ठेवणारे पुष्कळ असतात. त्याने भुसा थोडा हलतो, धूळ मात्र पसरतेच.

प्रत्येक हत्याराचे तोंड वेगळे. टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची करवत, पात्याखाली भुसा टाकते, पण पात्याच्या दात्यांबरोबर वर येऊन कारागिराच्या छातीवर उडणारी धूळही तेवढीच वाईट. खाली बंद पेटी आणि वर पात्यावर झाकण असे दोन्हीकडून खेचावे लागते. ऑर्बिटल सँडरच्या तळाला भोके असतात, आणि चिकटवलेल्या पॉलिशपेपरची भोके त्यांवर नीट जुळली नाहीत तर नळी लावूनही काही उपयोग होत नाही. पेपर बदलताना बोटाने चाचपून भोके जुळली का ते पाहायला पाच सेकंद लागतात आणि फरक मोठा पडतो. छोटे नग घासण्यासाठी वरच्या फळीला ओळीने भोके पाडलेली प्लायची उथळ पेटी करून तिच्या पोटात नळी जोडतात. नग पेटीवर ठेवून घासला की धूळ खालीच ओढली जाते. गॅलरीतल्या सुतारशाळेसाठी ही पेटी फार कामाची आहे.

याच ठिकाणी हातहत्यारांचा विचार व्हायला हवा. धारदार रंध्यातून लांब, कुरळ्या, पातळ पट्ट्या निघतात, पटाशीतून ढलप्या. धूळ जवळपास नाहीच. सागवानाची फळी रंध्याने गुळगुळीत होत असेल तर तिथे सँडर लावण्यात हशील नाही. जुन्या मिस्त्रींची ही सवय आजच्या छोट्या घरांत पुन्हा उपयोगी पडते.

हवा खेचणारी यंत्रे

यंत्रे दोन जातींची. व्हॅक्यूम क्लीनर अरुंद नळीतून थोडी हवा फार जोराने खेचतो. सँडर, ट्रिमर (छोटा राउटर), हातात धरायची सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत) यांना तो योग्य. डस्ट कलेक्टर रुंद पाइपातून पुष्कळ हवा कमी जोराने खेचतो. टेबल सॉ, प्लेनर (विजेचा रंधा), बँड सॉ (पट्टीच्या पात्याची करवत) यांना तो लागतो. दोघांची अदलाबदल होत नाही. कलेक्टरला सँडरची बारीक नळी जोडली तर हवा गुदमरते, आणि व्हॅक्यूमला प्लेनर जोडला तर ढलप्यांनी नळी तुंबते. जागा दहा बाय दहाची आणि हत्यारे हातातली असतील तर चांगला व्हॅक्यूम आणि सायक्लोनची बादली एवढे पुरते. कलेक्टरवर छापलेला हवेचा आकडा पाइप आणि फिल्टर न जोडता मोजलेला असतो. जोडणी झाल्यावर तो बराच खाली येतो.

पाइप

भुसा पाइपात तरंगत जायचा तर हवेचा वेग मिनिटाला सुमारे ४,००० फूट असावा लागतो. चार इंची पाइपातून या वेगाने मिनिटाला साधारण ३५० घनफूट हवा जाते, सहा इंचीतून ७८५. म्हणजे व्यास दीडपट, हवा सव्वादोनपट. पण पंखा लहान असताना सहा इंची पाइप घातला तर वेग पडतो आणि भुसा वाटेतच बसून राहतो. मुंबईत यासाठी सर्रास वापरला जातो तो सांडपाण्याचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप. तो कुठल्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळतो, आतून गुळगुळीत असतो आणि त्याचे वाय, कोपरे, टोप्या सगळे तयार असतात. हत्याराच्या तोंडाशी तो कधीच बरोबर बसत नाही. रबरी बुश, टेप आणि थोडी कल्पकता यांनी ती जुळणी करावी लागते. यंत्रांच्या सुट्या भागांसाठी नागदेवी स्ट्रीट, वायर आणि स्विचसाठी लोहार चाळ, हे मुंबईकर सुताराला सांगायला नको.

काटकोनी कोपरा हवेला अडवतो. त्याऐवजी ४५ अंशांचे दोन कोपरे, मध्ये वीतभर सरळ पाइप, असे वळण द्यावे. खाचांच्या लवचीक नळीत घर्षण गुळगुळीत पाइपाच्या कितीतरी पट असते, म्हणून ती शेवटच्या हातभर अंतरापुरतीच ठेवावी. दोन-तीन यंत्रे एकाच पाइपावर असतील तर प्रत्येक फाट्यावर सरकती झडप हवी आणि एका वेळी एकच उघडी. सांध्यांची गळती शोधायला उदबत्ती पुरते: पंखा चालू करून ती प्रत्येक सांध्याजवळून फिरवायची, धूर आत ओढला गेला की तिथे टेप लावायचा.

सायक्लोन

सायक्लोनचे पहिले पेटंट १८८५ साली अमेरिकेत जॉन फिंच यांना मिळाले. त्याचे काम आजही तसेच चालते. हवा नरसाळ्याच्या आकाराच्या भांड्यात कडेने शिरते आणि गोल फिरू लागते. जड कण बाहेर फेकले जाऊन भिंतीला घासत खालच्या डब्यात पडतात, आणि हलकी झालेली हवा मधल्या नळीतून वर निघून पंख्याकडे जाते. वजनाने पाहिले तर बहुतेक सगळा भुसा डब्यातच राहतो. अगदी बारीक धूळ मात्र निसटते, ती फिल्टरनेच अडवावी लागते. डबा हवाबंद नसेल तर खालून शिरलेली हवा पडलेला भुसा पुन्हा वर उचलते आणि सगळी मेहनत वाया जाते. रंगाची २० लिटरची रिकामी बादली यासाठी चालते, पण नळी कुठे तुंबली की व्हॅक्यूमच्या खेचीने पातळ बादली मोठा आवाज करत आत चेपते. जाड बादली घ्यावी, किंवा आतून प्लायची कडी बसवावी.

फिल्टर

स्वस्त कलेक्टरला येणारी कापडी पिशवी सुमारे ३० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते. म्हणजे जी धूळ अपायकारक, नेमकी तीच ती पिशवी खोलीभर फुंकते. यंत्र चालू होताच पिशवीतून फुस्स करून उठणारा ढग ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. खर्चाची ओढाताण असेल तर यंत्र एक पायरी लहान घ्यावे, पण फिल्टर एक मायक्रॉनचा किंवा हेपा घ्यावा, हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. फिल्टर टाळून हवा सरळ खिडकीबाहेर सोडण्याचा मार्ग बंगल्याच्या आवारात ठीक. बिल्डिंगमध्ये वरच्या आणि बाजूच्या घरांचे कपडे त्याच भिंतीवर वाळत असतात, तिथे हे करू नये.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, मुंबईच्या दमट हवेत धुळीचा फिल्टरवर लगदा बसतो आणि खेच घटते. डब्यातला भुसा दोन-तीन आठवडे राहिला तर त्याला बुरशी येते, आणि झाकण उघडताना ती नाकात जाते. या दिवसांत डबा कामाच्या दिवशीच रिकामा करावा. फिल्टर आपटून किंवा ब्रशने घासून साफ केल्यास त्याची जाळी फाटते. बाहेरून हलक्या हवेने, तेही मास्क लावून, धूळ सोडवतात.

व्यवस्था कितीही चांगली असली तरी मास्क सुटत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पंचा बारीक धूळ अडवत नाही. एन९५ किंवा एफएफपी२ हवा, आणि दाढीच्या खुंटांमुळे त्याच्या कडेला फट राहत नाही ना ते पाहावे. काम थांबल्यावर यंत्र आणखी काही मिनिटे चालू ठेवावे आणि तोवर मास्क काढू नये. घरी येणारे मिस्त्री दिवसअखेर ब्लोअरने खोली फुंकून काढतात, ते पाहून जीव कासावीस होतो. दिवसभरात खाली बसलेली धूळ त्या दोन मिनिटांत पुन्हा हवेत जाते. कोरडी झाडूही तेच करते. ओले फडके किंवा व्हॅक्यूम, हेच योग्य.

वीज, आवाज आणि आग

१,२०० वॉटची करवत २३० व्होल्टवर पाच अँपिअरच्या वर वीज घेते, तेवढ्याच ताकदीचा व्हॅक्यूमही तेवढीच. दोन्ही एका साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावले तर बोर्ड तापतो. व्हॅक्यूमसाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट घ्यावा. आवाजाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. बंद गॅलरीतला व्हॅक्यूम त्याहून खूप मोठ्याने ओरडतो. शेजाऱ्यांशी आधी बोलून वेळ ठरवली तर सोसायटीच्या बैठकीत विषय निघत नाही.

पीव्हीसी पाइपातून कोरडा भुसा वाहताना स्थिर वीज साठते आणि हाताला चटका बसतो. घरगुती पातळीवर तिने स्फोट होण्याची भीती फार वाढवून सांगितली जाते. पाइपातून उघडी तार ओढून ती अर्थिंगला जोडली की चटके थांबतात. आगीची खरी कारणे दुसरी आहेत. ग्राइंडरची ठिणगी किंवा करवतीखाली आलेल्या खिळ्याची ठिणगी भुशाच्या डब्यात गेली तर ती तासन्‌तास धुमसते. जवसाच्या तेलाने पुसलेले फडके चुरगाळून ठेवले तर ते आपोआप पेट घेऊ शकते, आणि ते भुशात टाकले तर विचारायलाच नको. फडकी पसरून ग्रिलवर वाळवावीत. जोगेश्वरीजवळ ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात लागलेल्या आगी मुंबईकरांनी पाहिल्या आहेत. लाकूड, फोम आणि पॉलिश एकत्र पेटले की आवरत नाही.

भुशाची विल्हेवाट

निव्वळ लाकडाचा भुसा घरच्या खताच्या कुंडीत ओल्या कचऱ्यावर थर देण्यासाठी उत्तम. तो पाणी शोषतो आणि वास मारतो. प्लायवूड, एमडीएफ आणि पॉलिश केलेल्या लाकडाचा भुसा खतात घालू नये, जाळू नये, मांजराच्या किंवा कोंबड्यांच्या खाली पसरू नये. तो जाड पिशवीत भरून, तोंड बांधून सुक्या कचऱ्यात द्यावा, आणि डबा पिशवीत उपडा करताना पिशवीचे तोंड डब्याभोवती घट्ट धरावे, नाहीतर दिवसभर पकडलेली धूळ त्याच क्षणी मोकळी होते.