इनटेक मॅनिफोल्डचे पॅकिंग बदलणे

मोटारीच्या एंजिनात हवा, किंवा कार्ब्युरेटर असल्यास हवा व पेट्रोल यांचे मिश्रण, प्रत्येक सिलिंडरकडे वाटून नेणारा शाखायुक्त नळ म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. तो व सिलिंडर हेड यांच्यामधील पॅकिंग निकामी झाल्यास किंवा मॅनिफोल्डलाच तडा गेल्यास करावयाची घरगुती दुरुस्ती येथे विचारात घेतली आहे. अँबॅसडरच्या 1489 घन सेंमी.च्या एंजिनात इनटेक व एक्झॉस्ट एकाच बाजूस असून दोहोंचे पॅकिंग सामाईक असे. काचतंतुमिश्रित नायलॉनचे मॅनिफोल्ड साधारणपणे 1990 च्या दशकापासून रुळले.

निदान करताना गावाची उंची लक्षात घ्यावी लागते. समुद्रसपाटीलगत निरोगी पेट्रोल एंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता संथ चालताना) मॅनिफोल्डमध्ये सुमारे 430 ते 530 मिमी. पाऱ्याइतका निर्वात दाखवते आणि दुरुस्ती-पुस्तिकांतील आकडे बहुधा याच पातळीचे असतात. इंदूर सुमारे 550 मी. उंचीवर असल्याने तेथील हवेचा दाबच 45 ते 50 मिमी.ने कमी असतो; म्हणून इंदुरात 400 मिमी.वर स्थिरावलेला निर्वातमापकाचा काटा दोषदर्शक नसतो, मात्र वडोदऱ्यात तोच काटा शंकास्पद ठरतो. गळतीची लक्षणेही एकसारखी नसतात. हवेचे वस्तुमान मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत न मोजलेली हवा शिरून मिश्रण विरळ होते व गाडीच्या संगणकात पी-0171 हा विरळ मिश्रणाचा दोष-संकेत उमटू शकतो. केवळ मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाडीत मात्र बहुधा आयडलचा वेगच चढतो. गळती शोधण्यासाठी तापलेल्या एंजिनावर पेट्रोल वा कार्ब्युरेटर क्लीनर फवारण्याची चाल आगीला निमंत्रण देणारी आहे. मॅनिफोल्डमध्ये धूर सोडून तो कोठून बाहेर पडतो हे पाहण्याची धुराची चाचणी अधिक सुरक्षित होय.

एंजिन पूर्ण थंड झाल्यावर इंधनाचा दाब उतरवून बॅटरीचे ऋण टोक सोडवतात, नळ्यांना खुणा करतात आणि मॅनिफोल्डमधून कूलंट फिरत असल्यास ते काढून घेतात. उघडी पडलेली हेडची तोंडे लगेच स्वच्छ कापडाने बुजवावीत, कारण मालव्यात उन्हाळी वाऱ्याबरोबर काळ्या मातीची धूळ उडते व ती सिलिंडरात गेल्यास नुकसान मूळ बिघाडापेक्षा मोठे होते. उतरवलेले पॅकिंग फेकण्यापूर्वी नीट पाहावे: जिथून हवा शिरत होती तिथे कडेवर धुळीची काळसर रेघ आडवी उमटलेली दिसते. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस (श्वासावाटे घातक ठरणारे खनिज तंतू) असण्याचा संभव असल्याने ते कोरडे खरवडू नये. ॲल्युमिनियमवर खरवडण्यासाठी प्लॅस्टिकची पट्टीच वापरावी. सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापकाने) सपाटी तपासतात; 0.1 मिमी.हून अधिक फट साधारणतः अमान्य समजली जाते.

पॅकिंगला मसाला (फटी बुजवणारा चिकट लेप) लावावा की नाही, याबाबत मतभेद आहेत. कागदी पॅकिंगच्या दोन्ही अंगांना शेलॅक (लाखेचा लेप) लावण्याची जुन्या मिस्त्रींची पद्धत खडबडीत ओतीव लोखंडासाठी सयुक्तिक होती. सिलिकोनची कड असलेल्या पॅकिंगच्या बाबतीत कोरडी जोडणीच अधिक ग्राह्य वाटते, कारण जादा मसाल्यामुळे पॅकिंग दाबाखाली सरकते, तो हवेच्या मार्गात पिळून निघतो आणि अयोग्य प्रकारचा असल्यास एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर खराब करतो. व्ही-आकाराच्या एंजिनांतील हेड व ब्लॉक यांच्या सांध्याचे कोपरे हा याला अपवाद होय.

बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळतात. सोडवताना क्रम उलटा असतो. नायलॉनच्या मॅनिफोल्डवरील 6 मिमी. बोल्टना बहुधा 8 ते 12 न्यूटन-मीटर पुरतात, पण निर्मात्याचा आकडाच अंतिम मानावा.

जुन्या गळतीशी संगणकाने जुळवून घेतलेले इंधनाचे प्रमाण नव्याने ठरेपर्यंत आयडल काही काळ डोलू शकतो. त्यामुळे लगेच बोल्ट आणखी आवळू नयेत. गाडी काही अंतर चालवल्यावर स्कॅनरवर दिसणारी इंधन-दुरुस्ती (संगणकाने इंधनात केलेली वाढ-घट) अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत स्थिरावली, तर जोड हवाबंद झाला असे समजण्यास हरकत नाही.