कॅबिनेटमधली घरघर: पंखे, हवा आणि पुण्याचा उन्हाळा

पुण्यात एप्रिल लागला की संगणक दुरुस्तीवाल्यांकडे एक ठरलेली तक्रार येऊ लागते: "सीपीयू फार आवाज करतोय." सीपीयू म्हणजे इथे अख्खं कॅबिनेट, हे दोन्ही बाजूंना न सांगता कळतं. दुरुस्तीवाला ब्लोअर मारतो, थर्मल पेस्ट (प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा लेप) बदलतो, पंख्याच्या पात्यांवरची धूळ ब्रशने काढतो, आणि काही दिवस घरात शांतता नांदते. मशीन तेच, पंखेही तेच. डिसेंबरात ऐकूही न येणारा आवाज एप्रिलमध्ये डोकं उठवतो, याचं कारण संगणक थंड ठेवायच्या पद्धती कोणत्या हवामानाच्या हिशेबाने घडत गेल्या त्यात आहे.

ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्यात एकच पंखा होता, तोही एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाच्या, डब्यात. एसएमपीएस ६३.५ वॉटचा. ४.७७ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या ८०८८ प्रोसेसरवर हीटसिंकसुद्धा (उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) नव्हता. एसएमपीएसमधला पंखा जाता जाता कॅबिनेटमधली गरम हवा ओढून मागून बाहेर टाकायचा, तेवढं पुरत होतं. मात्र त्याच्या कागदपत्रांत एक आकडा आहे, तो पुणेकराने जरूर वाचावा. हे यंत्र सुमारे १५.६ ते ३२.२ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत चालवायचं होतं. आपल्याकडे मार्चची दुपारच ही मर्यादा ओलांडते. कॉम्प्युटर लॅबच्या दाराबाहेर चपला काढायच्या, आत एसी आणि जाड पडदे, हा थाट त्या काळात शिकलेल्यांना आठवत असेल. त्यात थोडा सोवळ्याचा भाग होताच, पण धूळ आणि उष्णता दाराबाहेर अडवायचा तो खरा उपायही होता.

त्याच सुमारास ॲपल उलट्या टोकाला गेली. स्टीव्ह जॉब्सला पंख्याचा आवाज अजिबात नको होता. १९८०च्या ॲपल थ्रीमध्ये पंखा नव्हताच. ॲल्युमिनियमच्या जड तळाने उष्णता बाहेर टाकावी अशी योजना होती. मशीन तापायचं, आतल्या चिप सॉकेटमधून सैल व्हायच्या, आणि ग्राहकाला सल्ला मिळायचा की मशीन दोन-तीन इंच उचला आणि टेबलावर सोडा! १९८४चा मॅकिंटॉशही बिनपंख्याचा होता. १९८७च्या मॅकिंटॉश एसईमध्ये अखेर पंखा आला आणि लगेच त्याच्या आवाजाची ओरड सुरू झाली. शांतता की हवा, हा झगडा इतका जुना आहे.

प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसला तो ४८६च्या उत्तरार्धात आणि १९९३च्या पेंटियमपासून. पहिला पेंटियम पंधरा वॉटच्या आसपास खायचा. आज हा आकडा किरकोळ वाटतो, पण तेव्हा नुसत्या धातूच्या ठोकळ्यावर भागेना. मग आले ते ४०-५० मिलिमीटरचे चिमुकले पंखे, बहुतेक स्वस्त स्लीव्ह बेअरिंगचे, म्हणजे तेल लावलेल्या साध्या नळीत आस फिरणारे. त्यातलं तेल सुकलं की सकाळी मशीन चालू करताना कर्रर्र असा आवाज यायचा आणि पाच मिनिटांत आपोआप थांबायचा. पंख्याच्या मधला स्टिकर सोलून आत शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडणं हा तेव्हाचा घरगुती उपाय होता.

१९९५मध्ये इंटेलने एटीएक्स ही कॅबिनेट आणि आतल्या मुख्य सर्किट बोर्डाची (मदरबोर्डची) रचना आणली. तिच्या पहिल्या मसुद्यात एसएमपीएसचा पंखा बाहेरची हवा आत ओढून थेट प्रोसेसरवर सोडणार होता, म्हणजे एका पंख्यात दोन कामं. कागदावर छान, पण ती हवा एसएमपीएसच्या आतूनच तापून यायची. पुढे दिशा उलटली आणि पंखा पुन्हा बाहेर फुंकू लागला. कॅबिनेटमध्ये पुढून गार हवा घ्यायची आणि मागून-वरून गरम हवा सोडायची, ही आजची वहिवाट तिथून पक्की झाली.

खरा गोंगाट २००० ते २००५ या काळातला. एएमडीचे ॲथलॉन आणि इंटेलचे पेंटियम ४ एकमेकांच्या वरताण तापत होते. ओव्हरक्लॉकिंग करणारे, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणारे, मिनिटाला सात हजार फेऱ्या मारणारे ६० मिलिमीटरचे पंखे हौसेने बसवत. ते चालू असताना शेजारच्या माणसाशी बोलायचं तर आवाज चढवावा लागे. २००३मध्ये एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याची इतकी थट्टा झाली की कंपनीने स्वतःच त्यावर एक विनोदी चित्रफीत काढली. फेब्रुवारी २००४मध्ये 'प्रेस्कॉट' नावाचा पेंटियम ४ आला आणि त्याची वरची मॉडेल्स शंभर वॉटच्या पलीकडे गेली. इंटेलने बीटीएक्स ही नवी रचना आणून हवेचा मार्ग सरळ करायचा प्रयत्न केला, पण ती रुजली नाही. २००६मध्ये ६५ वॉटचा कोअर टू ड्युओ आल्यावर तिची निकडही उरली नाही.

याच धामधुमीत दोन गोष्टी झाल्या, आणि आजचे शांत संगणक त्यांच्यावरच उभे आहेत.

पहिली वेगाच्या नियंत्रणाची. तोवर हौशी लोक पंख्याच्या तारा १२ आणि ५ व्होल्टच्या मध्ये जोडून त्याला ७ व्होल्टवर चालवत. आवाज पडायचा, पण हा जुगाडच. व्होल्टेज आणखी कमी केलं तर पंखा सुरूच व्हायचा नाही. २००४च्या आसपास चार पिनांचा पंखा आला. त्यात १२ व्होल्ट कायम राहतात आणि चौथ्या तारेवरून सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंदचा इशारा जातो. त्यातल्या 'चालू'चा वाटा जितका मोठा तितका वेग जास्त. २५ हजारच का, तर ती वारंवारता माणसाच्या कानापलीकडची आहे. नाहीतर या चालू-बंदचीच एक शीळ ऐकू आली असती.

दुसरी गोष्ट आकाराची. ८० मिलिमीटरचे पंखे मागे पडले आणि १२०चे, नंतर १४०चे आले. यामागचं गणित पंख्यांच्या जुन्या नियमांत आहे. एकाच घडणीच्या पंख्यात हवेचं प्रमाण वेगाच्या पटीत आणि व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतं. ८०चा पंखा ३,३७५ फेऱ्यांवर जेवढी हवा हलवतो, तेवढी १२०चा हजार फेऱ्यांत हलवतो, आणि हिशेबाने आवाज चौदाएक डेसिबलने कमी येतो. एकाच पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. तशा दोन पंख्यांनी मिळून पहिल्याइतकीच हवा दिली, तरी दुसऱ्यामुळे जेमतेम तीन डेसिबल परत चढतात. शांततेच्या मागे लागलेल्या मंडळींनी हे ओळखलं. २००५मध्ये ऑस्ट्रियाची नॉक्टुआ सुरू झाली आणि त्याच वर्षी अँटेकने पी१८० हे कॅबिनेट आणलं. त्यात एसएमपीएस खाली वेगळ्या कप्प्यात होता आणि पंखे १२०चे होते.

पण या सौद्यात एक गोष्ट गेली, आणि तिच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. ती म्हणजे दाब. दाब वेगाच्या आणि व्यासाच्या वर्गावर ठरतो. वरच्याच उदाहरणात दोघांची हवा सारखी असली तरी मोठ्या पंख्याचा दाब लहानाच्या जेमतेम पाचवा हिस्सा भरतो. मोकळ्या हवेत त्याने काही बिघडत नाही. समोर बारीक जाळी, तिच्यावर धुळीचा थर आणि मागे हीटसिंकच्या दाट पट्ट्या असल्या की संथ पंखा फिरत राहतो, पण हवा पुढे सरकत नाही. मग सेन्सरला तापमान चढलेलं दिसतं, मदरबोर्ड वेग वाढवतो, आणि ज्या शांततेसाठी मोठा पंखा घेतला तीच जाते.

पुण्यात नेमकं हेच होतं. शहरभर चाललेली बांधकामं, उकरलेले रस्ते आणि उन्हाळ्यात सताड उघड्या खिडक्या यांमुळे समोरच्या फिल्टरवर पाहता पाहता राखाडी लोकरीसारखा थर जमतो. दोन बोटांनी उचलला तर अख्खा तुकडा निघून येतो. त्यातच २०१६-१७च्या सुमारास समोरून काचबंद कॅबिनेटांची फॅशन आली. रंगीत दिवे छान दिसायचे, पण हवेला बाजूची बोटभर फट. नंतर कंपन्यांनी पुढची बाजू पुन्हा जाळीची केली ते बरंच झालं. माझ्या मते आपल्या हवेत काचबंद कॅबिनेट घेणं म्हणजे पैसे देऊन गोंगाट विकत आणणं.

तापमानाची गोष्ट तर आणखी थेट आहे. पेंटियम ४च्या काळात इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांना घालून दिलेलं उद्दिष्ट असं होतं: खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्याला मिळणारी हवा ३८ अंशांच्या आत हवी. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेकडे तोंड असलेल्या खोलीत संध्याकाळी चारला खोलीच ३८ला टेकलेली असते. पंख्याने कितीही हवा फिरवली तरी आतलं तापमान खोलीच्या खाली जात नाही. २०० वॉट उष्णता दहा अंशांच्या फरकावर बाहेर काढायला तासाला सुमारे ६० घनमीटर हवा लागते, आणि फरक पाच अंशांवर आणायचा तर १२०. म्हणजे खोली तापल्यावर आतलं तापमान हिवाळ्याइतकंच ठेवायचा हट्ट धरला तर पंखे बेफाम पळणारच.

आणि आता २०० वॉटवर कोण थांबलंय? २०२२चा कोअर आय९-१३९००के जोरात चालला की २५३ वॉटपर्यंत जातो, आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड एकटं ४५० वॉटचं. हे प्रोसेसर ब्राउझरची टॅब उघडली तरी क्षणभर उसळी घेतात. पंखा त्यामागोमाग घूंऽऽ करून चढतो आणि लगेच उतरतो. एकसारखी घरघर कान सोडून देतो; ही चढउतार मात्र दर वेळी लक्ष वेधते. म्हणून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगांत, पंख्याचा वेग वाढवायला काही सेकंदांचा उशीर ठेवायची सोय असते. फॅन कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरवायचा त्याचा आलेख, हाताने काढणारे बरेच जण तिच्याकडे बघतही नाहीत. खरं तर नुसत्या तेवढ्याने निम्मी कटकट मिटते.

पाण्याने थंड करणं हा सुटकेचा रस्ता वाटतो. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत २०१९मध्ये बसवलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात द्रव थेट प्रोसेसरपर्यंत नेऊन उष्णता काढून घेतात. घरच्या डेस्कटॉपमध्ये मात्र पाणी फक्त उष्णता प्रोसेसरपासून रेडिएटरपर्यंत, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या धातूच्या पट्ट्यांपर्यंत, वाहून नेतं. तिथे पुन्हा दोन-तीन पंखे आणि पट्ट्यांमध्ये अडकलेली तीच धूळ.

कॅबिनेटची बाजू उघडी टाकून टेबल फॅन लावायचा उपाय पुण्यात घरोघरी दिसतो. कार्डाचं तापमान त्याने उतरतंही. पण फिल्टर टळून धूळ सरळ मदरबोर्डवर बसते आणि टेबल फॅनचा आवाज आतल्या सगळ्या पंख्यांपेक्षा मोठा असतो. त्यापेक्षा दोन कर्व्ह करून ठेवावेत, एक थंडीचा आणि एक उन्हाळ्याचा. रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर उतरतो त्या दिवसांत जुळवलेला कर्व्ह होळीनंतर चालवला, तर तो प्रोसेसर ६५ अंशांवर ठेवायला धडपडत राहतो, आणि त्या प्रोसेसरला ८० अंश सहज चालतात. उन्हाळ्याच्या कर्व्हमध्ये चढण दहा-पंधरा अंश पुढे ढकलली आणि समोरची जाळी दर पंधरवड्याला नळाखाली धुऊन, पूर्ण वाळवून बसवली, की एप्रिलमधली दुरुस्तीवाल्याकडची खेप बहुतेकांना लागत नाही.