मोफत शैक्षणिक संकेतस्थळांची पारख

विनामूल्य शैक्षणिक संकेतस्थळ वर्गात किंवा घरी वापरण्याआधी त्याचा मजकूर, पाठ्यक्रमाशी मेळ, छुपा खर्च व माहितीची सुरक्षा पडताळण्याची पद्धत. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत राज्य मंडळाची मराठी माध्यमाची मुले मोठ्या संख्येने असल्याने इथे पहिला प्रश्न पाठ्यक्रमाचा येतो.

मुखपृष्ठ पाहून काही कळत नाही. स्वतःला पक्का येणारा एकच धडा निवडून तो शेवटपर्यंत पाहावा. दहावीच्या गणितासाठी ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण सोयीचे: जीएसटी व शेअर्सचे हे प्रकरण राज्य मंडळाच्या गणित भाग १ मध्ये आहे, सीबीएसईच्या दहावीच्या गणितात नाही. ते सापडले नाही, तर संकेतस्थळ बहुधा दुसऱ्या मंडळासाठी बनले आहे. हिंदी व्हिडिओंत वर्गसमीकरणाला ‘द्विघात समीकरण’ म्हणतात. समजावणे उत्तम असले तरी उत्तरपत्रिकेत मुलांचा गोंधळ होतो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर गेल्यास ही अडचण बरीच कमी होते.

मजकूर ताजा आहे का, हे स्थानिक माहितीवरून चटकन उघड होते. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव २०१८ मध्ये मिळाले. संकेतस्थळावर या दोन्हींबाबत आधीचीच माहिती दिसली, तर बाकीची पानेही कुठून तरी उचललेली असण्याची शंका घ्यावी. लेखकाचे नाव, अद्ययावत केल्याची तारीख आणि चूक कळवण्याची सोय नसेल, तर शंका आणखी बळावते.

चाचणी शाळेच्या वायफायवर घेऊ नये, पालकांच्या साध्या फोनवर घ्यावी. ४८० पी दर्जाचा तासभराचा व्हिडिओ साधारण अर्धा जीबी डेटा खातो. धडगाव, अक्कलकुव्यासारख्या सातपुड्यातील भागात सिग्नल तुटतो, म्हणून आधी उतरवून घेता येणारे साहित्य सरस. ‘फेट’ (PhET) या मोफत संकेतस्थळावरची विज्ञान-गणिताची अनेक सिम्युलेशन्स (हाताळून पाहता येणारे प्रयोग) एकदा उतरवली की इंटरनेटशिवाय चालतात. घरी भिली किंवा पावरी बोलणाऱ्या लहान मुलांसाठी लांबलचक निवेदनापेक्षा चित्र हलवून पाहता येणारे साधन निवडावे.

‘मोफत’ कुठवर, तेही पाहावे. ‘स्वयं’ (SWAYAM) या केंद्र सरकारच्या ऑनलाइन संकेतस्थळावरील अभ्यासक्रम विनाशुल्क असले, तरी प्रमाणपत्राच्या परीक्षेला सहसा शुल्क पडते. काही खासगी स्थळे पहिले दोन-तीन धडे दाखवून पुढे पैसे मागतात. नुसता धडा पाहण्यासाठी मोबाइल क्रमांक मागितला की विक्रीचे फोन सुरू होणार हे धरून चालावे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक मानली आहे. शिक्षकाने वर्गाची यादी परस्पर भरून देऊ नये.

शिक्षकाला साहित्य बदलून वापरायचे असेल, तर परवाना वाचावा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे साहित्य इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणाऱ्या परवान्यात ‘एनडी’ (बदल करू नये) असेल, तर भाषांतर किंवा काटछाट केलेली प्रत इतरांना वाटता येत नाही. ‘एनसी’ (व्यावसायिक वापर नको) असेल, तर खासगी क्लासने ते साहित्य कमाईसाठी वापरू नये.