कुलूपबंद डेस्कटॉपमधून वेग कसा काढायचा

इंटेलच्या कोअर आय७-१०७०० या आठ कोअरच्या चिपला एकदम सगळ्या कोअरचं जड काम दिलं, तर कूलर आणि वीज पुरेशी असेपर्यंत ती ४.६ गिगाहर्ट्झने धावते. साधारण अर्ध्या मिनिटाने वेग धपकन खाली येतो आणि तीन-साडेतीनच्या आसपास रेंगाळतो. यात बिघाड काही नाही. या चिपला दोन वीजमर्यादा ठरवून दिलेल्या असतात: कायमची ६५ वॅट आणि थोड्या वेळापुरती २२४ वॅट. या थोड्या वेळाचा इंटेलचा आकडा २८ सेकंदांचा आहे. कंपनीच्या तयार डेस्कटॉपमध्ये दुसरी मर्यादा बरेचदा आणखी खाली ओढलेली असते, कारण आतला कूलर आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) दोन्ही ६५ वॅटच्या चिपच्या हिशेबाने बसवलेले असतात.

असेंबल्ड पीसीवाले ओव्हरक्लॉकिंग म्हणतात ते छापील वेगाच्या पुढे जाण्याला. ब्रँडेड डब्यात आधीचा प्रश्न वेगळा असतो: छापलेला वेग तरी टिकतो का? तो टिकवण्यातच बहुतेकांचा फायदा आहे. खरं ओव्हरक्लॉकिंग तिथे अगदी थोड्या जागी उरतं.

प्रोसेसरचा वेग म्हणजे एक साधा गुणाकार. मूळ ठोका (क्लॉक) १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ४६, म्हणून ४६०० मेगाहर्ट्झ. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात सिग्नल ट्रान्झिस्टरांच्या साखळीतून पार होऊन स्थिरावला पाहिजे. ४ गिगाहर्ट्झला ही फट पाव नॅनोसेकंदाची असते. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसात सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं जातो. ठोका आणखी लवकर आला तर साखळीतला सर्वांत लांबचा सिग्नल मागे पडतो आणि उत्तर चुकतं. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर लवकर पालटतात, पण त्याची किंमत जबर आहे. वीज वेगाच्या पटीत वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज ८ टक्के वाढवलं तर वीज सुमारे २८ टक्के वाढते, म्हणजे ६५ वॅटचे ८३ होतात. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते.

वेग वाढवण्यावरचं हे कुलूप कधीपासून आलं, हे कळलं की कुठे हात घालण्यात अर्थ नाही तेही कळतं. इंटेलचा १९९८ सालचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झ आणि साडेचारचा गुणक या हिशेबाने ३०० वर चाले. गुणक बंद होता, ठोका मात्र मदरबोर्ड ठरवायचा. प्रोसेसरच्या पट्टीवरची बी२१ ही पिन टेपने झाकली की बोर्डाला तो १०० मेगाहर्ट्झवाला वाटे आणि चिप थेट ४५० वर जाई. पुढे इंटेलच्याच कोअर २ ड्युओ प्रोसेसरच्या काळात ही युक्ती खास ब्रँडेड मशिनसाठीच कामी आली, कारण त्यांच्या बायोसमध्ये (मशिन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये) ठोका बदलायची सोयच नसे. प्रोसेसरच्या तळाशी ‘बीसेल’ नावाचे तीन संपर्कबिंदू असतात आणि त्यांच्यावरच्या उच्च-नीच पातळ्या वाचून बोर्ड ठोका ठरवतो. २६६ वरून ३३३ मेगाहर्ट्झवर जायला एक बिंदू चिकटपट्टीने झाकणं पुरायचं. ई६३०० ही चिप त्यामुळे १.८६ वरून २.३३ गिगाहर्ट्झवर जाई. २०० वरून २६६ वर जायला मात्र झाकून भागत नसे, एक बिंदू वाहक रंगाने शेजारच्या अर्थिंगला जोडावा लागे. व्होल्टेज वाढवता येत नसल्यामुळे चिपमध्ये मुळातच जेवढा वाव असेल तेवढंच हाती लागायचं. बोर्डाच्या चिपसेटला (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपला) नवा ठोका पेलत नसेल तर पडद्यावर काहीच उमटायचं नाही. पट्टी काढली की सगळं पूर्ववत.

२०११ च्या सँडी ब्रिज पिढीने हा दरवाजा लावून घेतला. ठोक्याचं उगमस्थान चिपसेटमध्ये गेलं, आणि त्याच एका ठोक्यावर ग्राफिक्स कार्डाची पीसीआय एक्सप्रेस, डिस्कची साटा, यूएसबी अशा सगळ्या जोडण्या अवलंबून राहिल्या. १०० चा १०५ केला की प्रोसेसरच्या आधी हार्ड डिस्कचा डेटा बिघडू शकतो. तेव्हापासून इंटेलच्या मशिनवर खरा मार्ग गुणकाचाच उरला. त्याला दोन गोष्टी एकत्र लागतात: नावाच्या शेवटी ‘के’ असलेली चिप आणि झेड मालिकेचा चिपसेट. खरेदी करताना फसगत इथेच होते. तयार डेस्कटॉपच्या स्टिकरवर आय७-१०७००के असतं, आत बोर्ड मात्र एच४७० चा, आणि त्या ‘के’चे मोजलेले जादा पैसे वाया. बायोसची फाइल सुधारून टाकायचा विचारही सोडा. २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आलेला बूट गार्ड चालू असेल तर कंपनीच्या सहीशिवायचं बायोस मशिन सुरूच होऊ देत नाही.

या चौकटीला एक सुंदर अपवाद आहे. जुन्या वर्कस्टेशनमधला (जड कामाच्या डेस्कटॉपमधला) इंटेलचा झिऑन ई५-१६५० व्ही२: सहा कोअर, ३.५ गिगाहर्ट्झ, टर्बोला (चिप आपोआप घेते त्या जादा वेगाला) ३.९, वीज १३० वॅट. याचा गुणक खुला आहे. डेलच्या प्रिसिजन टी३६१० किंवा एचपीच्या झेड४२० मध्ये बायोसमध्ये गुणक बदलायची सोय नसली, तरी विंडोजमधून थ्रॉटलस्टॉप या मोफत प्रोग्रामने टर्बोचा गुणक ४० वर नेऊन मग एकेकाने वाढवता येतो. या वर्कस्टेशनचा एसएमपीएस आणि कूलर मुळातच दणकट असतात, म्हणून ते झेपतं. कोपऱ्यात ठेवायच्या छोट्या ऑफिस-डब्याकडून ही अपेक्षा ठेवू नये.

आता नेहमीच्या मशिनकडे वळू. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणारे रिफर्बिश्ड (वापरलेले, दुरुस्त केलेले) ऑफिस-डेस्कटॉप बहुतेक याच जातीचे. आधी मोजमाप. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रामचा सेन्सर-तक्ता उघडून सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरला पूर्ण राबवणाऱ्या प्रोग्रामची दहा मिनिटांची चाचणी लावा. विसाव्या सेकंदाला आणि आठव्या मिनिटाला तीन आकडे लिहून ठेवा: कोअरचा इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्ष मिळालेला वेग), पॅकेजचं (अख्ख्या चिपचं) तापमान, पॅकेजची वीज. वीज ६५ वर अडकली आणि तापमान ७० च्या आत असेल तर आड येतेय ती वीजमर्यादा. तापमान १०० ला टेकत असेल तर दोष कूलरचा, आणि मर्यादा वाढवून काही साधणार नाही. अर्ध्या मिनिटाच्या चाचणीवर भरवसा ठेवू नका. ती नेमकी त्या २८ सेकंदांच्या सवलतीतच संपते.

चार-पाच वर्षं चाललेल्या मशिनमध्ये सर्वांत स्वस्त उपाय प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट बदलण्याचा. मशिन दहा मिनिटं चालवून कोमट करा, बंद करून विजेच्या बोर्डातली पिन काढा, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. कूलरचे चार स्क्रू तिरक्या जोडीने, अर्धा-अर्धा वेढा देत सैल करा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर कूलर सरळ वर ओढलात तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर पिनांसकट बाहेर येतो. आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसा आणि तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवा. बोटाने पसरू नका, कूलरचा दाब पसरवतो. कूलरच्या फिनच्या (धातूच्या पातळ पत्र्यांच्या) पंख्याकडच्या बाजूला धुळीचा जो नमदा बसलेला असतो, तो ब्लोअरने काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. कूलरच बदलायचा असेल तर भोकांचं अंतर आणि पंख्याचा कनेक्टर आधी तपासा. कंपन्यांचे बोर्ड यात स्वतःचे नियम चालवतात, आणि ओळखीचा पंखा सापडला नाही की दर वेळी सुरू होताना तक्रार करून अडून बसतात.

तापमान ताब्यात आलं की थ्रॉटलस्टॉपची टीपीएल ही वीजमर्यादांची खिडकी उघडा. पीएल१ च्या, म्हणजे कायमच्या मर्यादेच्या, शेजारी कुलपाचं चित्र दिसलं तर बायोसने ती मर्यादा गोठवली आहे, विषय तिथेच संपला. नसेल तर ६५ वरून ७५, मग ८५, आणि प्रत्येक पायरीला पुन्हा दहा मिनिटांची चाचणी. वेग वाढतो तसं व्होल्टेजही वाढत असल्यामुळे वीज साधारण वेगाच्या घनाच्या पटीत जाते. ६५ चे ८५ वॅट, म्हणजे ३० टक्के जास्त विजेत हाती लागतो तो सुमारे ९ टक्के वेग. त्याच्याही पुढे गेलात तर प्रोसेसरच्या बाजूचे वीज नियंत्रित करणारे मॉसफेट तापतात. ब्रँडेड बोर्डावर त्यांच्यावर बहुधा हीटसिंकच (उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) नसतो. चिप ७० अंशांवर असूनही वेग अचानक कोसळला आणि थ्रॉटलस्टॉपच्या लिमिट रीझन्स (वेग का अडला ते दाखवणाऱ्या) खिडकीत ‘व्हीआर थर्म’ लाल झालं, की एक पायरी मागे या. खोली १० अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच तापते, म्हणून डिसेंबरात पुण्यात जमलेलं सेटिंग मे महिन्यात नागपुरात चालेलच असं नाही. व्होल्टेज कमी करून उष्णता वाचवायची जुनी युक्ती आता बहुतेक ठिकाणी बंद आहे. २०१९ च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली आणि त्यानंतरच्या बायोस अपडेटांनी ती सोयच काढून घेतली.

रॅमकडे कोणी बघत नाही, आणि खरं तर तिथेच हमखास फायदा आहे. ऑफिसातून आलेल्या मशिनमध्ये बरेचदा ८ जीबीची एकच पट्टी असते. २९३३ वेगाची एक पट्टी सेकंदाला साडेतेवीस जीबी देते. तशीच दुसरी, दुसऱ्या चॅनेलच्या खाचेत बसवली की ४७ होतात, आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या मशिनला तो फरक डोळ्यांनी दिसतो. मात्र ‘३६००’ छापलेली गेमिंग रॅम घेऊ नका. तो वेग एक्सएमपी प्रोफाइलमध्ये (रॅमवरच नोंदलेल्या ओव्हरक्लॉकच्या सेटिंगमध्ये) लिहिलेला असतो आणि कंपनीचं बायोस ते वाचत नाही, त्यामुळे पट्टी २१३३ किंवा २६६६ वर चालते. सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या एसपीडी पानावर जेडेक (रॅमचं सर्वमान्य प्रमाण) असं लिहिलेल्या रकान्यातला वेग तोच खरा.

ग्राफिक्स कार्ड हा एकच भाग असा, जो कुठल्याही डब्यात मोकळेपणाने ओव्हरक्लॉक होतो. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कार्डाचा कोअर २५-२५ मेगाहर्ट्झने आणि मेमरी १००-१०० ने वाढवा. पडद्यावर ठिपके-रेघोट्या दिसल्या किंवा ड्रायव्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर दोन पायऱ्या मागे. जादा वायर न लागणारं कार्ड खाचेतून ७५ वॅटच घेऊ शकतं, त्यामुळे तिथे कोअरपेक्षा मेमरीचा फायदा जास्त. हिशेब एसएमपीएसचा ठेवा. २६० वॅटचा असेल तर प्रोसेसर ८५, कार्ड ७५, बाकी सगळं ४०, मिळून २००. इथवर ठीक. विजेची वेगळी सहा पिनांची वायर लागणारं कार्ड डिस्कच्या साटाच्या वायरला अडॅप्टर लावून चालवणं मात्र आगीशी खेळ आहे. साटा कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या तीन पिना मिळून साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट पेलतात. सहा पिनांतून कार्ड ७५ मागू शकतं. मोठा एसएमपीएस घालावा तर बोर्डाचा कनेक्टर नेहमीचा २४ पिनांचा नसतो. त्यासाठी त्याच मॉडेलचं कन्व्हर्टर लागतं, आणि बसतंय म्हणून दुसऱ्या कंपनीचं लावलं तर बोर्ड जळू शकतो.

मशिन बंद पडणं ही चुकलेल्या सेटिंगची सौम्य खूण आहे. वाईट खूण म्हणजे गुपचूप चुकणारं उत्तर. प्राइम९५ हा प्रोग्राम प्रोसेसरची गणितं ज्ञात उत्तरांशी ताडून पाहतो, म्हणून झिऑनचा गुणक वाढवल्यावर तो किमान दोन तास चालवा. रॅम बदलल्यावर ती तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ‘व्हिया-लॉगर’ची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, एकही नोंद दिसली तर सेटिंग पक्कं नाही, मग मशिन कितीही सुरळीत वाटो. थ्रॉटलस्टॉपमधले बदल रीस्टार्टला पुसले जातात. ही त्याची उणीव वाटते, पण तेच सुरक्षाकवच आहे. म्हणून आठवडाभर रोजचं काम करून बघितल्याशिवाय त्याला टास्क शेड्यूलरमध्ये (विंडोजबरोबर प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या सोयीत) टाकू नका. नाहीतर मशिन विंडोजपर्यंत पोचतं, सेटिंग लागतं, पुन्हा बंद पडतं, आणि मग सेफ मोडमध्ये जाऊन ते काढावं लागतं.